बिघडलेले डिस्क-पार्टिशन आणि सुरू न होणारा लिनक्स संगणक : मोरा (पनवेल) परिसराच्या संदर्भात दुरुस्तीप्रक्रियेचे विवेचन

सारांश :

लिनक्स प्रणालीवर चालणारा संगणक विद्युत्‌प्रवाह अचानक खंडित झाल्यानंतर पुन्हा सुरू होत नाही, तेव्हा डिस्कवरील पार्टिशन किंवा त्यातील फाइल प्रणाली बिघडल्याची शक्यता मोठी असते. अशा वेळी डिस्क पुसून प्रणाली नव्याने बसविण्याचा सल्ला सर्रास दिला जातो व त्यात वर्षानुवर्षांची माहिती नष्ट होते. वास्तविक बहुतेक प्रसंगी माहिती डिस्कवर शाबूत असते. बिघडलेली असते ती माहितीकडे नेणारी नोंद. ही नोंद कोणकोणत्या पातळ्यांवर असते, बिघाड कोणत्या पातळीवर आहे हे कसे ओळखावे आणि दुरुस्ती कोणत्या क्रमाने करावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजशब्द : लिनक्स, पार्टिशन, फाइल प्रणाली, सुपरब्लॉक, ग्रब, माहितीची पुनर्प्राप्ती.

१. प्रस्तावना

पनवेल उपविभागातील उरण तालुक्यात असलेले मोरा हे मुंबई बंदरासमोरील एक जुने बंदर होय. येथील कोळीवाडा, मच्छीमारांचा व्यवहार आणि भाऊच्या धक्क्याकडे जाणारी लाँच ही या गावाची ओळख आहे. ओहोटीच्या वेळी गाळामुळे ही लाँचसेवा खोळंबते, हेही येथील रहिवाशांच्या अंगवळणी पडलेले आहे. अशा ठिकाणच्या लहान कार्यालयातील वा ग्रंथालयातील संगणक बंद पडला, तर तो उचलून मुंबईस नेणे हा दर वेळी सोयीचा मार्ग ठरत नाही. म्हणूनच प्राथमिक निदान व दुरुस्ती जागच्या जागी करता येणे ही येथील गरज आहे.

किनारपट्टीवरील संगणकास दोन शत्रू असतात. पहिला म्हणजे खारट व दमट हवा. तिच्यामुळे केबलच्या जोडांवर गंज चढतो आणि डिस्क मधूनच दिसेनाशी होते. दुसरा शत्रू म्हणजे खंडित होणारा विद्युत्‌पुरवठा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा जिल्ह्यातील विजेचे खांब मोठ्या प्रमाणावर कोसळले व अनेक गावे दीर्घकाळ अंधारात राहिली. त्याच वर्षी १२ ऑक्टोबर रोजी पारेषण यंत्रणेतील बिघाडामुळे मुंबई, ठाणे व नवी मुंबई येथील वीज सकाळी एकाएकी गेली. उरणजवळ बोकडविरा येथे वायूवर चालणारे विद्युत्‌निर्मिती केंद्र आहे. परंतु वीजकेंद्राच्या सान्निध्याने पुरवठ्याची अखंडता मिळतेच असे नाही.

लिनक्सचा वापर आता प्रयोगशाळेपुरता मर्यादित राहिलेला नाही. सी-डॅक या संस्थेने २००७ मध्ये मराठीसह भारतीय भाषांची सोय असलेली ‘बॉस’ ही डेबियनवर आधारित प्रणाली प्रसृत केली. न्यूझीलंडमध्ये निर्माण झालेली ‘कोहा’ ही ग्रंथालय-प्रणाली अनेक महाविद्यालये लिनक्सवरच चालवितात. ग्रंथालयाची दाखल नोंदवही, देवघेव व वाचकांच्या नोंदी अशा एकाच डिस्कवर साठत गेल्या आणि त्यांची दुसरी प्रत नसली, तर ती डिस्क सुरू न होणे ही केवळ तांत्रिक अडचण राहत नाही. संस्थेची स्मृतीच पणास लागते. या दृष्टीने प्रस्तुत विषयाचे महत्त्व आहे.

(लेखात आज्ञांचे उच्चार देवनागरीत दिले आहेत. संगणकावर त्या रोमन लघुअक्षरांत टंकित कराव्या लागतात.)

२. संगणक सुरू होण्याचे टप्पे

निदानासाठी सुरुवातीची साखळी ठाऊक असणे आवश्यक आहे. वीज सुरू होताच मदरबोर्डवरील मूळ आज्ञावली (जुन्या यंत्रांत बायोस, नव्यांत यूईएफआय) डिस्कचा शोध घेते. जुन्या पद्धतीत ती डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा विभाग वाचते. त्यांपैकी ४४६ बाइट सुरुवातीच्या आज्ञावलीसाठी, ६४ बाइट पार्टिशन तक्त्यासाठी आणि शेवटचे २ बाइट खुणेसाठी असतात. या ६४ बाइटमध्ये प्रत्येकी १६ बाइटच्या केवळ चार नोंदी मावतात. नव्या ‘जीपीटी’ पद्धतीत सामान्यतः १२८ नोंदींची जागा असते आणि तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी ठेवलेली असते.

यानंतर ‘ग्रब’ ही आज्ञावली लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, आणि एक छोटी तात्पुरती प्रणाली स्मृतीत आणते. कर्नल मूळ पार्टिशन जोडून घेतो. सरतेशेवटी ‘एफस्टॅब’ या फाइलमधील यादीप्रमाणे उरलेली पार्टिशने जोडली जातात व वापरकर्त्यास प्रवेश मिळतो. थोडक्यात, पार्टिशन तक्ता, ग्रब, फाइल प्रणाली आणि एफस्टॅब अशा चार कड्या येथे आहेत. कोणतीही एक तुटली तरी संगणक सुरू होत नाही. मात्र चारही वेळी इलाज वेगळा असतो.

३. बिघाडाचे स्वरूप : सातबाऱ्याच्या दृष्टान्ताने

महसुली दप्तराशी परिचित असलेल्या वाचकास ही रचना सहज समजेल. संपूर्ण डिस्क म्हणजे गावची जमीन मानली, तर पार्टिशन तक्ता हा गावनकाशा होय. कोणते शेत कोठे सुरू होते व कोठे संपते, एवढेच तो सांगतो. नकाशा फाटला म्हणून जमीन नाहीशी होत नाही. फाइल प्रणाली हे प्रत्येक शेताचे दप्तर असून कोणती फाइल कोणत्या जागेत आहे हे त्यात लिहिलेले असते. या दप्तराचे पहिले पान म्हणजे ‘सुपरब्लॉक’. पार्टिशनचा आकार, खंडांची संख्या व दप्तराची एकूण मांडणी त्यात नमूद असते.

दप्तरात दुरुस्ती चालू असताना वीज गेली, तर काही पाने जुनी आणि काही नवी अशी विसंगती उद्‌भवते. १९९३ च्या सुमाराच्या ‘ईएक्सटी२’ या फाइल प्रणालीत अशा वेळी संपूर्ण डिस्क तपासावी लागे. २००१ मध्ये लिनक्सच्या मुख्य प्रवाहात आलेल्या ‘ईएक्सटी३’ने यावर ‘जर्नल’ हा उपाय आणला आणि २००८ मध्ये स्थिर झालेल्या ‘ईएक्सटी४’नेही तो पुढे चालविला. तलाठी कार्यालयात बदलाची नोंद प्रथम फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना सहामध्ये होते व प्रमाणित झाल्यावर तिचा अंमल सातबाऱ्यास दिला जातो. जर्नलचे कार्य असेच आहे. वीज गेली तरी पुढील वेळी जर्नल वाचून पूर्ण नोंदी अमलात आणल्या जातात व अर्धवट नोंदी सोडून दिल्या जातात.

मग जर्नल असूनही पार्टिशन का बिघडते? याची प्रमुख कारणे तीन होत. एक, ‘लिहिले’ असे सांगूनही डिस्क काही मजकूर आपल्या अंतर्गत तात्पुरत्या स्मृतीतच धरून ठेवते आणि वीज गेल्यावर तो हरवतो. दोन, डिस्कचा एखादा विभाग प्रत्यक्षच खराब होतो. तीन, दुसरी प्रणाली बसविताना किंवा पार्टिशनचा आकार बदलताना मानवी हाताने तक्ता पुसला जातो. शिवाय ईएक्सटी४ च्या नेहमीच्या व्यवस्थेत जर्नल दप्तराचे रक्षण करते, फाइलमधील प्रत्येक अक्षराचे नव्हे, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

४. निदान : संगणक कोठे थांबतो?

पडद्यावर येणारा संदेश हा निदानाचा पहिला पुरावा असतो. तो पुसून जाण्यापूर्वी कागदावर उतरवून घ्यावा.

(अ) सुरुवातीचे साधनच सापडत नाही असा संदेश आल्यास प्रथम केबल व वीजजोड तपासावा. मूळ आज्ञावलीच्या यादीत डिस्क दिसत नसेल, तर प्रश्न पार्टिशनचा नसून यंत्रभागाचा आहे.

(आ) ‘ग्रब रेस्क्यू’ हे शब्द दिसून संगणक थांबल्यास ग्रबचा पहिला भाग सुरू झाला आहे, परंतु त्यास आपले उर्वरित भाग असलेले पार्टिशन सापडत नाही. येथे तक्त्यातील बदलाचा संशय घ्यावा.

(इ) कर्नल सुरू होऊन मूळ फाइल प्रणाली जोडता येत नसल्याचा ‘कर्नल पॅनिक’ संदेश आला, अथवा ‘इनिट-रॅम-एफएस’ अशी अक्षरे असलेली आज्ञारेषा दिसली, तर मूळ पार्टिशन सापडत नाही किंवा त्याची फाइल प्रणाली बिघडलेली आहे.

(ई) ‘इमर्जन्सी मोड’ आला, तर मूळ पार्टिशन बहुधा ठीक असून एफस्टॅबमधील दुसरे एखादे पार्टिशन जोडता आलेले नाही. अनेकदा काढून टाकलेल्या डिस्कची जुनी नोंद एवढेच कारण निघते.

५. दुरुस्तीचा क्रम

५.१ बाहेरून सुरुवात : बिघडलेले पार्टिशन वापरात असताना त्याची दुरुस्ती करू नये. यासाठी पेनड्राइव्हवरून चालणारी ‘लाइव्ह’ लिनक्स प्रणाली वापरावी. ‘एलएसबीएलके’ व ‘बीएलकेआयडी’ या आज्ञांनी डिस्क, पार्टिशने, त्यांचे प्रकार व ओळखक्रमांक दिसतात. पार्टिशन आपोआप जोडले गेले असल्यास ‘यूमाउंट’ आज्ञेने ते प्रथम विलग करावे.

५.२ डिस्कची प्रकृती : ‘डीमेसेज’ या आज्ञेत वाचन-लेखनाच्या चुका वारंवार दिसतात काय, हे पाहावे. ‘स्मार्टसीटीएल’ आज्ञेने डिस्कचा स्वतःचा अहवाल मिळतो. त्यात बदलून घेतलेल्या व प्रलंबित विभागांची संख्या वाढती असेल, तर डिस्क मरणपंथास लागली आहे असे समजावे. अशा डिस्कवर दुरुस्तीची आज्ञा चालविणे म्हणजे मोडक्या होडीची डागडुजी भर समुद्रात करणे होय.

५.३ आधी प्रत, मग दुरुस्ती : हा या लेखातील सर्वांत महत्त्वाचा नियम आहे. ‘डीडीरेस्क्यू’ हे साधन संपूर्ण डिस्कची हुबेहूब प्रत तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर घेते. ते प्रथम वाचता येणारा भाग उचलते व अवघड भागाकडे नंतर वळते. ‘मॅपफाइल’ दिल्यास मध्येच थांबलेले काम तेथूनच पुढे सुरू करता येते. पुढील सर्व प्रयोग या प्रतीवर करावेत. हुबेहूब प्रतीत ओळखक्रमांकही तेच राहतात, म्हणून मूळ डिस्क व प्रत दोन्ही जोडून संगणक सुरू करू नये.

५.४ पार्टिशन तक्ता : ‘एफडिस्क’च्या यादीत पार्टिशने दिसतच नसतील, तर फाइल प्रणालीआधी तक्ता दुरुस्त करावा लागतो. जीपीटी डिस्कवर ‘जीडिस्क’ साधनाच्या पुनर्प्राप्ती विभागातून डिस्कच्या शेवटी असलेली दुसरी प्रत परत आणता येते. जुन्या पद्धतीच्या तक्त्यास अशी दुसरी प्रत नसते. तेथे ‘टेस्टडिस्क’ उपयोगी पडते. ते डिस्कवर फाइल प्रणालींच्या खुणा शोधून शेतांच्या हद्दी पुन्हा ठरविते. सापडलेल्या पार्टिशनमधील फाइलींची यादी त्यातच पाहता येते. ओळखीच्या फाइली दिसल्याशिवाय नवा तक्ता लिहू नये.

५.५ फाइल प्रणाली : ईएक्सटी प्रकारासाठी ‘ई२एफएससीके’ ही आज्ञा आहे. प्रथम ती ‘एन’ पर्यायासह चालवावी. त्यामुळे काहीही न बदलता केवळ तपासणी होते. चुकांचे प्रमाण पाहून मग प्रत्यक्ष दुरुस्ती करावी. काम संपल्यावर आज्ञा एक संकेतांक परत करते. ० म्हणजे चूक नाही, १ म्हणजे चुका दुरुस्त झाल्या, २ म्हणजे संगणक पुन्हा सुरू करावा, ४ म्हणजे चुका शिल्लक आहेत आणि ८ म्हणजे आज्ञाच नीट चालली नाही.

सुपरब्लॉक खराब असल्याचा संदेश आल्यास निराश होण्याचे कारण नाही, कारण त्याच्या प्रती पार्टिशनमध्ये ठरावीक अंतरांवर ठेवलेल्या असतात. ४०९६ बाइटचा खंड असल्यास ३२७६८ खंडांचा, म्हणजे १२८ मेबीबाइटचा, एक गट होतो. सर्वसाधारण रचनेत पहिल्या गटात आणि ३, ५ व ७ यांच्या घातांच्या क्रमांकाच्या गटांत या प्रती असतात. म्हणून त्यांची स्थाने ३२७६८, ९८३०४, १६३८४०, २२९३७६, २९४९१२ अशी येतात. ई२एफएससीके आज्ञेस ‘बी’ पर्यायाने यांपैकी एक क्रमांक दिला, की ती त्या प्रतीवरून दप्तर उभे करते. ही स्थाने ‘एमकेई२एफएस’ आज्ञा ‘एन’ पर्यायासह चालवूनही कळतात. परंतु तेथे ‘एन’ विसरल्यास पार्टिशन पुसले जाते. त्यामुळे वरील क्रमांक थेट वापरून पाहणे अधिक सुरक्षित होय.

दुरुस्तीत ज्यांचे नाव-गाव सापडत नाही अशा फाइली ‘लॉस्ट अँड फाउंड’ या निर्देशिकेत केवळ क्रमांकाने जमा होतात. ‘फाइल’ या आज्ञेने त्यांचा प्रकार कळतो. ही निर्देशिका तपासल्याविना पुसू नये.

सर्व लिनक्स प्रणाली ईएक्सटी४ वापरत नाहीत. ‘एक्सएफएस’ असल्यास ‘एक्सएफएस-रिपेअर’ हे स्वतंत्र साधन आहे. ‘बीटीआरएफएस’ असल्यास ते प्रथम केवळ वाचनासाठी जोडून माहिती बाहेर काढावी. तिच्या दुरुस्तीचा पर्याय हा अखेरचा उपाय समजावा.

५.६ ग्रब व एफस्टॅब : तक्ता व फाइल प्रणाली ठीक झाल्यावर मूळ पार्टिशन लाइव्ह प्रणालीत जोडावे. ‘बूट’ किंवा यूईएफआयचे पार्टिशन वेगळे असल्यास तेही त्याच्या जागी जोडावे. त्यानंतर ‘डेव्ह’, ‘प्रॉक’ व ‘सिस’ या निर्देशिका ‘बाइंड’ पद्धतीने जोडून ‘सीएचरूट’ आज्ञेने मूळ प्रणालीत शिरावे. डेबियन कुळातील प्रणालींत ‘ग्रब-इन्स्टॉल’ व ‘अपडेट-ग्रब’ या आज्ञांनी ग्रब पुन्हा बसतो. बायोस पद्धतीत ग्रब पार्टिशनवर नव्हे, तर संपूर्ण डिस्कच्या नावे बसवावयाचा असतो. शेवटी बीएलकेआयडीने दाखविलेले ओळखक्रमांक व एफस्टॅबमधील क्रमांक जुळतात की नाही हे पडताळावे.

५.७ माहितीची पडताळणी : संगणक सुरू झाला म्हणजे काम संपले असे नव्हे. फाइल प्रणालीची तपासणी दप्तराची सुसंगती सिद्ध करते. फाइलीतील मजकूर पूर्ण आहे याची ग्वाही देत नाही. ग्रंथालयाच्या बाबतीत माहितीकोशाची स्वतंत्र तपासणी करावी, एकूण ग्रंथसंख्या दाखल नोंदवहीशी ताडून पाहावी आणि वीज गेली त्या दिवसाच्या देवघेवीच्या नोंदी कागदोपत्री पुराव्याशी जुळवाव्यात.

६. टाळावयाच्या गोष्टी

पुढील कृतींमुळे दुरुस्त होऊ शकणारा बिघाड कायमचा होतो : (१) घाईने ‘फॉर्मॅट’ करणे वा प्रणाली त्याच डिस्कवर नव्याने बसविणे, (२) जोडलेल्या, वापरातील पार्टिशनवर दुरुस्तीची आज्ञा चालविणे, (३) वाचविलेल्या फाइली त्याच पार्टिशनवर लिहिणे, (४) आवाज करणारी किंवा वाचनचुका दाखविणारी डिस्क वारंवार बंद-चालू करणे, (५) डिस्कच्या नावातील एका अक्षराची खातरजमा न करता आज्ञा देणे. डीडीरेस्क्यूमध्ये मूळ व लक्ष्य डिस्कची अदलाबदल झाली, तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर लिहिली जाते. म्हणून डिस्कचा आकार व अनुक्रमांक दोघांनी वाचून खात्री करावी, ही साधी शिस्त उपयुक्त ठरते.

७. प्रतिबंधात्मक उपाय

(१) यूपीएस केवळ बसवू नये, तर तो संगणकाशी तारेने जोडून घ्यावा. विजेची बॅटरी उतरू लागताच संगणक आपोआप नीट बंद करणाऱ्या आज्ञावल्या लिनक्सवर मुक्तपणे उपलब्ध आहेत.

(२) माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर आणि त्यांपैकी एक प्रत दुसऱ्या ठिकाणी, हा नियम पाळावा. २६ जुलै २००५ च्या पुराने एकाच इमारतीत मूळ व प्रत ठेवण्यातील धोका कोकण व मुंबई परिसरास पुरेसा दाखवून दिला आहे.

(३) पार्टिशन तक्त्याची नोंद ‘एसएफडिस्क’ आज्ञेने काढून बीएलकेआयडीच्या यादीसह कागदावर छापावी व संगणकाच्या दप्तरात ठेवावी. हे एक पान जवळ असल्यास हद्दी नव्याने शोधण्याचा खटाटोप वाचतो.

(४) खारट हवेच्या परिसरात केबल व जोड ठरावीक मुदतीने तपासावेत आणि डिस्कचा ‘स्मार्ट’ अहवाल दरमहा नोंदवावा.

(५) घेतलेली प्रत वर्षातून किमान एकदा दुसऱ्या संगणकावर प्रत्यक्ष उघडून पाहावी. न तपासलेली प्रत ही केवळ समजूत असते.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, लिनक्स संगणक सुरू न होणे आणि माहिती नष्ट होणे या दोन भिन्न घटना आहेत. पार्टिशन तक्ता, फाइल प्रणाली, ग्रब व एफस्टॅब या चार पातळ्यांपैकी बिघाड कोठे आहे हे थांबण्याच्या जागेवरून ओळखता येते. दुरुस्तीचा क्रमही याच साखळीतून निघतो : प्रथम डिस्कची प्रकृती, मग प्रत, मग तक्ता, मग फाइल प्रणाली, मग ग्रब व एफस्टॅब आणि शेवटी माहितीची पडताळणी. सुपरब्लॉकच्या व जीपीटी तक्त्याच्या प्रती डिस्कवरच ठेवलेल्या असतात. त्यांचा उपयोग करण्याइतका धीर वापरकर्त्याने दाखविणे आवश्यक आहे.

यासाठी लागणारी सर्व साधने मुक्त व विनामूल्य आहेत. एक पेनड्राइव्ह, एक रिकामी डिस्क आणि क्रम जाणणारी एक व्यक्ती एवढी सिद्धता प्रत्येक महाविद्यालयास व ग्रंथालयास करता येण्याजोगी आहे. संगणकशास्त्राच्या प्रात्यक्षिकांत जुन्या, टाकाऊ डिस्कवर मुद्दाम सुपरब्लॉक पुसून तो विद्यार्थ्यांकडून परत उभा करून घेतल्यास हे कौशल्य मोरासारख्या ठिकाणी स्थानिक पातळीवरच तयार होईल.